फलटणचे शब्द, लिनक्सचे पॅकेज
कमांड लाइन प्रोग्रॅमच्या प्लगइनची बांधणी आणि मराठी

लिनक्सवर टर्मिनलमधून चालणारे बहुतेक प्रोग्रॅम आपले काम मुद्दाम मर्यादित ठेवतात. एक प्रोग्रॅम शुद्धलेखन तपासतो, दुसरा छायाचित्रातील मजकूर ओळखतो, तिसरा फाइलींच्या आवृत्त्या सांभाळतो. त्यांच्यात नवी क्षमता आणायची असेल, तर मूळ प्रोग्रॅम उघडून त्यात फेरफार करण्याची गरज नसते. बाहेरून एक छोटा जोडभाग द्यावा लागतो. या जोडभागाला प्लगइन म्हणतात. प्लगइन तयार करणे हे कामाचे निम्मे अंग आहे. ते कोणत्याही संगणकावर एका आज्ञेत उतरावे, योग्य जागी बसावे, मूळ प्रोग्रॅमची आवृत्ती बदलली तरी चालत राहावे आणि नको झाल्यास माग न ठेवता निघून जावे, यासाठी त्याचे पॅकेज बांधावे लागते. हे उरलेले निम्मे अंग बहुधा दुर्लक्षिले जाते. मराठीसारख्या भाषेचे लिनक्सवरील अस्तित्व मात्र मोठ्या प्रमाणात त्यावरच अवलंबून आहे.

प्लगइनचे चार प्रकार

पहिला प्रकार केवळ नावावर चालतो. 'गिट' हा २००५ साली लायनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेला प्रोग्रॅम त्याचे ठळक उदाहरण आहे. ज्या फाइलीचे नाव 'गिट-' या अक्षरांनी सुरू होते आणि जी संगणकाच्या शोधमार्गावर आहे, तिला गिट आपली उपआज्ञा मानतो. दुसऱ्या प्रकारात प्लगइन ही संकलित लायब्ररी असते आणि प्रोग्रॅम चालू असताना ती स्मृतीत उतरवून घेतो. तिसऱ्या प्रकारात पायथॉन किंवा पर्लसारख्या भाषेतील मॉड्यूल ठरलेल्या ठिकाणी ठेवले जाते. चौथा प्रकार निव्वळ माहितीचा आहे. शब्दकोश, भाषेचे नियम, अक्षरओळखीचे प्रशिक्षित नमुने यांत चालणारा कोड जवळजवळ नसतो, पण त्यांच्यावाचून प्रोग्रॅम त्या भाषेपुरता मुका राहतो.

काटेकोर अर्थाने चौथ्या प्रकाराला प्लगइन म्हणावे की नाही, यावर जाणकारांत मतभेद होऊ शकतात. पॅकेज बांधणाऱ्याच्या दृष्टीने मात्र चारही प्रकारांचे प्रश्न सारखे आहेत: नाव काय द्यावे, फाइल कोठे ठेवावी, कोणत्या आवृत्तीशी नाते सांगावे आणि परवाना कोणता जोडावा. मराठीचा संबंध प्रामुख्याने चौथ्या प्रकाराशी येतो.

शब्दकोशामागचे व्याकरण

ग्नू प्रकल्पाचा 'अ‍ॅस्पेल' आणि लास्लो नेमेथ यांनी हंगेरियन भाषेसाठी विकसित केलेला 'हनस्पेल' हे लिनक्सवरील दोन प्रमुख शुद्धलेखन तपासनीस आहेत. दोन्ही टर्मिनलमधून चालतात. हनस्पेलचे इंजिन पुढे लिबरऑफिस आणि फायरफॉक्स यांनीही स्वीकारले. त्यामुळे त्याच्यासाठी एकदा बांधलेला शब्दकोश टर्मिनलपुरता मर्यादित राहत नाही.

हनस्पेलच्या शब्दकोशात दोन फाइली असतात. एकीत मूळ शब्दांची यादी असते आणि प्रत्येक शब्दापुढे तिरप्या रेघेनंतर खुणेची अक्षरे येतात. दुसरीत त्या खुणांचे अर्थ, म्हणजे प्रत्यय लावण्याचे नियम असतात. हंगेरियनप्रमाणे मराठीतही एका नामाची प्रत्यय लागून डझनावारी रूपे होतात, म्हणून ही रचना मराठीच्या सोयीची आहे. 'फलटण' हा एक शब्द यादीत घातला आणि त्याला योग्य खूण दिली, की 'फलटणला', 'फलटणहून', 'फलटणच्या', 'फलटणमध्ये' ही रूपे वेगळी लिहावी लागत नाहीत. तो शब्द यादीतच नसेल, तर तपासनीस त्याखाली लाल रेघ ओढतो आणि एका अक्षराच्या फरकामुळे 'पलटण' असा पर्याय पुढे करू शकतो.

नियमांची फाइल लिहिणे म्हणजे व्याकरण लिहिणेच होय. 'विहीर'चे 'विहिरीला' होते, 'फूल'चे 'फुलाला' होते. उपान्त्य दीर्घ स्वर सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. पण 'शरीर' हा तत्सम शब्द असल्याने त्याचे 'शरीराला' असे रूप होऊन दीर्घत्व टिकते. म्हणजे दोन्ही गटांना वेगळ्या खुणा हव्यात. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांपैकी १४ नियम १९६२ सालचे आहेत आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. ते माणसांसाठी लिहिलेले आहेत. संगणकासाठी त्यांतील प्रत्येक अपवाद खुणेच्या रूपाने उलगडून सांगावा लागतो.

फलटणचा वारसा

या कामाच्या संदर्भात सातारा जिल्ह्यातील फलटणचे नाव घ्यावे लागते. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी १९७३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला सादर केलेला प्रबंध फलटणच्या बोलण्यातील भाषिक विविधतेवरच होता. फलटणच्याच रहिवासी असलेल्या लेखिका जाई निंबकर यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेले मराठीचे इंग्रजी संदर्भ-व्याकरण १९७५ साली त्याच विद्यापीठातून प्रसिद्ध झाले. एका तालुक्याच्या गावी राहून मराठीची रूपव्यवस्था इतक्या शिस्तीने नोंदली गेल्याची उदाहरणे फार नाहीत.

बर्नसन यांच्या प्रबंधाचा विषय शब्दकोश बांधणाऱ्यांपुढे एक अवघड प्रश्न ठेवतो. एकाच गावात एकाच शब्दाची अनेक रूपे नांदत असतात. सातारा-सांगलीकडील ग्रामीण बोलण्यात 'आहे'चे 'हाय' आणि 'नाही'चे 'न्हाई' होते. नीरेच्या कालव्यावरील ऊसपट्ट्यात 'खोडवा', 'आडसाली', 'पाटकरी' हे रोजचे शब्द आहेत. तालुक्यातील 'तरडगाव', 'साखरवाडी', 'बरड' ही गावे तेथील प्रत्येक अर्जात आणि बातमीत येतात. प्रमाण मराठीचा सर्वसाधारण शब्दकोश या सर्वांना चूक ठरवू लागला, तर वापरणारा दोनपैकी एक करतो: तपासनीस बंद करून टाकतो किंवा आपला शब्द बदलतो. दुसरी गोष्ट अधिक नुकसानीची आहे.

प्लगइनला प्लगइन

यावर हनस्पेलमध्येच एक तोडगा आहे. त्याला आज्ञा देताना स्वल्पविरामाने जोडून एकापेक्षा अधिक शब्दकोश सांगता येतात. पहिला शब्दकोश पायाभूत असतो. त्यानंतरचे शब्दकोश स्वतःची नियमावली न बाळगता पहिल्याचीच वापरू शकतात. भौगोलिक नावे, वैद्यकीय संज्ञा अशा खास विषयांसाठी ही सोय केलेली आहे. म्हणजे मराठीच्या मूळ शब्दकोशाला धक्का न लावता फलटण परिसराच्या शब्दांची एक वेगळी फाइल बांधता येईल. त्या फाइलीच्या पहिल्या ओळीत शब्दांची अंदाजे संख्या द्यायची आणि पुढे ओळीला एक शब्द लिहायचा, एवढेच तिचे स्वरूप.

काम सोपे दिसले तरी खुणा देताना सावधगिरी हवी. 'गाव' या सामान्यनामाचे 'गावाला' होते, पण 'तरडगाव' या विशेषनामाचे बोलण्यात आणि लिहिण्यात 'तरडगावला' होते. 'खोडवा'चे 'खोडव्याला' होते, तर 'साखरवाडी'चे 'साखरवाडीला'. ग्रामनामांना सामान्यनामांच्या खुणा सरसकट लावल्या, तर कोणी कधीही न लिहिलेली रूपे शुद्ध ठरतील आणि रोजची रूपे अशुद्ध. शिवाय खुणांची अक्षरे पायाभूत शब्दकोशाची असतात. त्या शब्दकोशाच्या पुढच्या आवृत्तीत खुणांचे अर्थ बदलले, की पुरवणी मुकाट्याने चुकीची होते. यासाठीच पुरवणीच्या पॅकेजने पायाभूत पॅकेजची कोणती आवृत्ती गृहीत धरली आहे, हे स्पष्ट नोंदवायला हवे.

पॅकेजच्या पोटात काय असते

१९९३ साली स्थापन झालेल्या डेबियन प्रकल्पाचे 'डेब' आणि रेड हॅटच्या परंपरेतील 'आरपीएम' हे पॅकेजचे दोन मुख्य साचे आहेत. दोन्हींत फाइलींचा गठ्ठा असतो आणि सोबत माहितीपत्रक असते. माहितीपत्रकात नाव, आवृत्ती, सांभाळणाऱ्याचा संपर्क, कोणत्या जातीच्या प्रोसेसरवर चालेल आणि इतर पॅकेजांशी असलेले नाते यांची नोंद होते.

प्लगइनच्या बाबतीत हे नाते नीट सांगणे महत्त्वाचे ठरते. 'यावाचून चालणार नाही', 'हे सोबत असलेले बरे' आणि 'हे असल्यास उपयोग होईल' असे तीन चढउतार डेबियनच्या माहितीपत्रकात आहेत. चौथे नाते उलट दिशेचे आहे: 'हे पॅकेज अमुक पॅकेजला समृद्ध करते'. मूळ प्रोग्रॅमला जगातील सर्व प्लगइनांची यादी ठेवणे शक्य नसते, म्हणून प्लगइननेच आपण कोणाचे ते सांगायचे. याखेरीज आभासी नावाचीही सोय आहे. डेबियनमधील अ‍ॅस्पेलला किमान एक शब्दकोश सोबत असावा असे वाटते. तो इंग्रजीचाच हवा असा हट्ट नसतो. मराठीच्या शब्दकोशाने 'मीही अ‍ॅस्पेलचा शब्दकोश आहे' असे जाहीर केले, की ती अपेक्षा पूर्ण होते.

फेडोराने २०१६ सालच्या २४व्या आवृत्तीपासून याच कल्पनेचा आणखी एक उपयोग केला. मराठीचे 'लँगपॅक्स' पॅकेज बसवले आणि संगणकावर हनस्पेल असेल, तर मराठीचा शब्दकोश आपोआप सोबत येतो. हनस्पेल नसेल तर येत नाही. 'दोन्ही असतील तर तिसरे' असा हा सशर्त संबंध आहे.

संकलन केव्हा करावे

अ‍ॅस्पेलच्या उदाहरणातून आणखी एक धडा मिळतो. ग्नूच्या संग्रहातील मराठी शब्दकोशाच्या नावात आरंभीच ६ हा अंक आहे. हा शब्दकोश अ‍ॅस्पेलच्या ०.६० मालिकेसाठी आहे, असा त्याचा अर्थ. नावातच आवृत्तीचे नाते गुंफण्याची ही जुनी पण परिणामकारक पद्धत आहे. २००४ साली आलेल्या ०.६० मालिकेत यूटीएफ-८ची व्यवस्था झाली, तरी आतल्या आत अ‍ॅस्पेल आठ बिटांच्या अक्षरांवरच चालतो. युनिकोडमधील देवनागरीचा मुख्य खंड १२८ स्थानांचा असल्याने तो २५६च्या मर्यादेत बसतो. त्यासाठीचा रूपांतर-तक्ताही शब्दकोशासोबत द्यावा लागतो. तो विसरला, तर शब्द असूनही तपासणी होत नाही.

अ‍ॅस्पेल शब्दयादी थेट वाचत नाही, तिचे संकलित रूप वाचतो. हे रूप प्रोसेसरच्या बाइट मांडण्याच्या क्रमावर अवलंबून असते. म्हणून डेबियनमध्ये पॅकेजमध्ये केवळ शब्दयादी ठेवतात आणि पॅकेज संगणकावर उतरल्यावर तेथेच संकलन होते. परिणामी एकच पॅकेज सर्व प्रकारच्या यंत्रांना पुरते. याला किंमतही आहे. बसवण्याच्या वेळी चालणारी प्रत्येक क्रिया अडखळू शकते आणि त्यातून तयार झालेली फाइल पॅकेज काढताना आठवणीने पुसावी लागते.

पत्ता बदलला की

लिनक्समध्ये कोणती फाइल कोठे असावी याचे संकेत ठरलेले आहेत. कोणत्याही प्रोसेसरवर सारखीच राहणारी माहिती 'युएसआर'खालील 'शेअर'मध्ये जाते, संकलित लायब्ररी 'लिब'मध्ये जाते आणि 'लोकल' हा भाग संगणकाच्या व्यवस्थापकासाठी राखीव असतो. पॅकेजने 'लोकल'मध्ये किंवा वापरणाऱ्याच्या खासगी फोल्डरमध्ये काही टाकू नये. याउलट एखाद्याने हाताने आणलेला शब्दकोश पॅकेजच्या जागेत टाकणेही योग्य नाही, कारण पुढच्या अद्ययावतीकरणात तो पुसला जाऊ शकतो.

हे पत्ते बदलतात तेव्हा प्लगइनची खरी परीक्षा होते. छापील पानाच्या प्रतिमेतून मजकूर ओळखणाऱ्या 'टेसरॅक्ट'चे उदाहरण घेता येईल. हा प्रोग्रॅम १९८५ ते १९९४ या काळात ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विकसित झाला, २००५ साली मुक्त झाला आणि २००६पासून गूगलने त्याला पाठबळ दिले. २०१८ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत त्याची ओळखपद्धती न्यूरल नेटवर्कवर आधारलेली झाली. पाचवी मुख्य आवृत्ती २०२१ साली आली. मराठीसाठी त्याची वेगळी प्रशिक्षित फाइल आहे आणि डेबियन व फेडोरा या दोन्हींत तिचे स्वतंत्र पॅकेज मिळते. ते बसवले की मराठी पुस्तकाच्या स्कॅन केलेल्या पानावरून शोधता येण्याजोगा मजकूर एका आज्ञेत मिळतो.

डेबियनने या भाषाफाइली ज्या फोल्डरमध्ये ठेवल्या, त्याच्या पत्त्यात आवृत्तीचा अंक होता. चौथ्या आवृत्तीसाठी '४.००' आणि पाचव्यासाठी '५'. पॅकेजमधून आलेल्या फाइली नव्या पत्त्यावर आपोआप गेल्या. ज्यांनी भाषाफाइल हाताने उतरवून जुन्या फोल्डरमध्ये ठेवली होती किंवा आपल्या स्क्रिप्टमध्ये जुना पत्ता लिहून ठेवला होता, त्यांच्या टेसरॅक्टला अद्ययावतीकरणानंतर मराठी सापडणे शक्य नव्हते. फाइल जागेवर होती, प्रोग्रॅमही चालू होता, पण दोघांची गाठ पडत नव्हती. फेडोरानेही हनस्पेलचे शब्दकोश 'मायस्पेल' या जुन्या नावाच्या फोल्डरमधून 'हनस्पेल'मध्ये हलवले, तेव्हा शब्दकोशांची पॅकेजे नव्याने बांधावी लागली. पत्ता लक्षात ठेवण्याचे काम माणसाने करू नये, पॅकेजने करावे, हाच यातील बोध आहे.

नाव आणि अक्षर

नावांतही मेख आहे. आंतरराष्ट्रीय मानकात मराठीला दोन संकेताक्षरे आहेत, दोन अक्षरी 'एमआर' आणि तीन अक्षरी 'एमएआर'. अ‍ॅस्पेल पहिले वापरतो, हनस्पेल त्याला भारताचे 'आयएन' जोडतो आणि टेसरॅक्ट दुसरे वापरतो. पॅकेजचे नाव ठरवताना मूळ प्रोग्रॅमची प्रथा पाळावी लागते, अन्यथा शोधणाऱ्याला ते सापडत नाही.

त्याहून सूक्ष्म अडचण अक्षरांची आहे. 'साताऱ्याला' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. एक 'ऱ' या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, दुसरा साध्या 'र'ला हलन्त आणि जोडक्षरासाठीचे अदृश्य चिन्ह जोडून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते भिन्न शब्द वाटतात. शब्दकोश एका पद्धतीने आणि टंकलेखन दुसऱ्या पद्धतीने झाले, तर 'सातारा' शुद्ध आणि 'साताऱ्याला' अशुद्ध असा निकाल लागतो. हनस्पेलच्या नियम-फाइलीत आलेला मजकूर तपासणीपूर्वी एका रूपात बदलून घेण्याचा तक्ता देता येतो. जिल्ह्याच्या नावापासूनच हा प्रश्न सुरू होत असल्याने सातारकरांसाठी तरी तो किरकोळ नाही.

परवाना, चाचणी आणि सांभाळ

वितरणाच्या भांडारात पॅकेज जायचे असेल, तर त्यातील प्रत्येक फाइलीचा परवाना स्पष्ट असावा लागतो. एखाद्या छापील कोशातून उतरवून घेतलेली शब्दयादी येथे अडते, कारण तिच्या संकलनावर कोणाचा तरी हक्क असू शकतो. फलटणसारख्या परिसराची यादी स्वतः ऐकून, गोळा करून आणि मुक्त परवान्याखाली जाहीर करून बनवली, तर ही अडचण राहत नाही.

चाचणीची पद्धत साधी आहे. पॅकेज कोऱ्या संगणकावर बसवावे. तिन्ही प्रोग्रॅमांना उपलब्ध भाषांची यादी विचारण्याची सोय आहे. त्या यादीत मराठी दिसली पाहिजे. मग शुद्ध आणि अशुद्ध रूपांची एक ठरीव फाइल तपासून निकाल अपेक्षेशी जुळतो का ते पाहावे. शेवटी पॅकेज काढून टाकावे आणि काही मागे उरले नाही याची खात्री करावी. ज्या प्लगइनमध्ये चालणारा कोड असतो, त्याच्या बाबतीत दक्षता अधिक हवी, कारण तो वापरणाऱ्याच्या सर्व अधिकारांनिशी चालतो. वितरणाच्या भांडाराची डिजिटल स्वाक्षरी तपासली जाते. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या फाइलीला हे संरक्षण नसते.

यानंतर उरतो तो सांभाळ. मूळ प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की पॅकेज पुन्हा बांधून पाहावे लागते. सांभाळणारा राहिला नाही आणि पॅकेज मोडले, तर वितरण ते वगळू शकते. एखादी भाषा प्रणालीतून बाहेर पडते ती अशी, कोणत्याही घोषणेवाचून. मोडी लिपीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, पण टेसरॅक्टच्या अधिकृत भाषाफाइलींत मोडीची फाइल नाही. संस्थानी काळातील मोडी दफ्तरांसाठी म्हणूनच तो प्रोग्रॅम आहे तसा उपयोगी पडत नाही. लिपीला संकेतांक मिळणे ही पहिली पायरी झाली. तिच्यासाठी कोणी प्लगइन घडवणे, त्याचे पॅकेज बांधणे आणि ते वर्षानुवर्षे सांभाळणे या पुढच्या पायऱ्या आहेत.

मराठीसाठी मोठ्या यंत्रणांची आणि मोठ्या निधीची मागणी वेळोवेळी होते आणि ती योग्यच आहे. पण काही शे शब्दांची शुद्ध यादी, चार ओळींचे माहितीपत्रक आणि स्पष्ट परवाना एवढ्या सामग्रीवर तालुक्याच्या गावातील एखादे महाविद्यालयही आपल्या परिसराच्या शब्दांना जगभरच्या लिनक्स संगणकांवर जागा मिळवून देऊ शकते. अट एकच आहे: ती जागा दरवर्षी कोणीतरी झाडून-पुसून ठेवली पाहिजे.